साच्यात अडकलेलं चाडं

हनीफ, तुझ्या दारात पोचलो तेव्हा माझ्या हातात एक कापडी पिशवी होती. तुझ्या थोरल्यानं, सलीमनं, ती घ्यायला हात पुढे केला, तर मी दिली नाही. मांडीवर घेऊन बसलो. ओसरीतल्या लोकांना वाटलं असेल, नागपूरचा म्हातारा सोबत जेवणाचा डबा घेऊन आला. पिशवीत जे होतं ते तुला दाखवायचं होतं, आणि तुला कबरस्तानात मिट्टी देऊन लोक आदल्या दिवशीच घरी परतले होते. माझी गाडी चुकली नव्हती, रस्ताही बंद नव्हता. निरोपच उशिरा मिळाला. आणि खरं सांगू का, उशीर काही त्या दिवशी झाला नाही. तो त्याच्या खूप आधी होऊन बसला होता.

तू म्हणशील, आता लिहून कायले राह्यला बे, सरळ बोल ना. तर बोलतोच आहे. फक्त कागद पुढे आला की माझा हात नकाशावरच्या रेघेसारखा सरळ होतो, त्याला इलाज नाही. आयटीआयमध्ये ड्रॉइंगच्या मास्तरांनी पट्टीनं ठोकून सरळ केलेला हात आहे. तुझं बोलणं मात्र तुझ्यासारखंच लिहीन. तुझ्या तोंडी शुद्ध मराठी घातली तर तुला ओळखणार कोण?

तुझं सुतारकामाचं दुकान डोळ्यासमोर येतं ते आधी वासानं. सागाचा भुसा, तेल आणि तुझा तो उकळून उकळून काळा केलेला चहा. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. मी आयटीआय करून इंझोरीला घरी बसलो होतो, नोकरीच्या अर्जांची उत्तरं येत नव्हती, म्हणून कारंज्याला तुझ्याकडे यायचो. तू मुंबईत मामाकडे राहून एका कारखान्यात फायबरचं काम शिकून आला होतास. येताना काचेच्या कापडाची गुंडाळी आणि रेझिनचा एक डबा घेऊन आलास, आणि तो डबा असा जपायचास की जसं काही त्यात अत्तर आहे. काचेच्या कापडाची कुसळं अंगात शिरली की दिवसभर खाजवत बसायचास. भाभी तुला आंघोळ केल्याशिवाय पडद्याच्या आत येऊ द्यायची नाही, हे मला आठवतं, कारण ती आतून ओरडायची आणि तू माझ्याकडे पाहून म्हणायचास, "पाह्य, घरचा मालक कोन हाय थे."

चाड्याची कल्पना कोणाची, यावरूनही आपण भांडलो होतो. माझी होती. आज तू नाहीस म्हणून मी ती तुझ्या नावावर करणार नाही. माझ्या मायचं चाडं तडकलं होतं. पेरणीच्या तिफनीवर बसवायचा तो लाकडी वाडगा, बुडाला तीन छिद्रं, छिद्रांतून तीन नळे खाली फणापर्यंत. तिफनीमागे चालत माय मुठीनं दाणे सोडायची आणि तिन्ही ओळींत सारखी पेर पडायची. गावात तिच्या हाताची पेर प्रसिद्ध होती. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड तडकतं आणि पावसाळ्यात फुगतं. तिनं तड्यांना पत्र्याची ठिगळं मारली होती आणि दाणे त्या ठिगळात अडकायचे. मी ते चाडं तुझ्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, फायबरचं होईल का? तू ते फिरवून फिरवून पाहिलंस. "हे त होईनच," म्हणालास. "याच्यात काय हाय?" तुझं हे 'याच्यात काय हाय' ऐकलं की मला आधीच भीती वाटायची.

मग नकाशा. प्रत्येक गावाचं चाडं वेगळं, हे आपल्याला चार गावं फिरून कळलं. धनजच्या लोकांना रुंद तोंडाचं पाहिजे, आसेगावकडे लहान तोंडाचं. प्रत्येकासाठी वेगळा नकाशा काढत बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी एकच काढला, आणि त्यात एकही आकडा लिहिला नाही. तोंडाची रुंदी मूळ माप धरली. खोली त्या मापाच्या इतकी, भिंतीची जाडी इतकी, छिद्रांमधलं अंतर इतकं, सगळं त्या एका मापाच्या हिशेबात. रुंदी सांगा, बाकी चाडं आपोआप तयार. मला वाटलं होतं, मी काहीतरी फार मोठं केलं आहे. तू कागद हातात घेतलास, उलटा केलास, सुलटा केलास.

"याच्यात मापच नाई," तू म्हणालास.

"हाय ना. एक देल्लं का सगळे निघतात."

"मंग मी कापू काय? तुह्यं डोस्कं?"

तरी दुसऱ्या दिवशी तूच त्या कागदावरून तीन गावांची तीन मापं काढून भिंतीवर खडूनं लिहिलीस, आणि मला म्हणालास की नकाशा वाईट नाही, काढणारा वाईट आहे. तुझ्याकडून मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. मी ती घरी जाऊन मायला सांगितली.

माय दुकानात आली होती, आठवतं? बाजाराचा दिवस होता. तिला पुढे बसवून आपण तिची मूठ मोजली, ती दाणे कशी सोडते ते सुतळी धरून पाहिलं. ती आधी लाजली, मग वैतागली. "दोघं मिळून माह्या हाताले काय पाहून राह्यले रे? लगन जमवता का?" आणि मग एकच गोष्ट तिनं ठासून सांगितली. काठ आत वळलेला पाहिजे. "सरळ काठाचं चाडं कोनत्या कामाचं? वारा सुटला का दाणे उडतात. अर्धं बी धुऱ्या-बांधावर जाते." तिच्या जुन्या चाड्याचा काठ तसाच होता, बोटभर आत वळलेला. आपण दोघांनी मान डोलावली. काठ आत वळवायचा ठरला.

इथंच आपण फसलो, आणि दोघंही सारखेच फसलो. लाकडाचं चाडं कोरून काढतात. ते कशातून बाहेर निघायचं नसतं. म्हणून तुझ्या बापजाद्यांना काठाचा विचार कधी करावा लागला नव्हता, आणि मी तर बापजाद्यांचं चाडं पाहूनच नकाशा काढला होता. तुझ्या अब्बांनी वर्षानुवर्षं माळ्यावर मुरवलेला सागाचा ठोकळा तू साच्यासाठी खाली उतरवलास. त्यांच्याच खरादावर तो चढवून कातलास. आतून असा पोकळ केलास, काठासकट, की मी बोट फिरवून पाहिलं तर बोट कुठंच अडकलं नाही. "अब्बाचा ठोकळा शेवटी कामी आला," तू म्हणालास. तुझा आवाज त्या दिवशी जरा बदलला होता. ते लक्षात आलं नाही असं मी दाखवलं.

आत मेण घासलं, काचेचं कापड पट्ट्या-पट्ट्यांनी बसवलं, रेझिन लावलं. दुसऱ्या दिवशी साचा उलटा करून ठोकला. काही नाही. उन्हात ठेवला. कोमट पाणी ओतलं. तू लाकडी हातोडीनं बुडाला ठोकत राहिलास आणि मी खाली हात धरून उभा, जसं काही आता बाळ बाहेर येणार आहे. माय पुढच्या बाजाराला आली तेव्हाही आपण ठोकतच होतो. तिनं वाकून आत पाहिलं. चाडं सुरेख झालं होतं, काठ तिला हवा तसा, फक्त ते ठोकळ्यात बसलं होतं आणि आत वळलेल्या काठानं ठोकळ्याला धरून ठेवलं होतं.

"माह्यापेक्षा हट्टी हाय हे," माय म्हणाली. "पेरणीपर्यंत काढा म्हणजे झालं."

पेरणीपर्यंत काढायला एकच रस्ता होता आणि तो मी सांगितला. ठोकळ्याला करवत लाव. मधून दोन भाग कर, बाहेरून बोल्टनं आवळायची सोय कर. चाडं तयार झालं की बोल्ट सोडायचे, दोन्ही भाग बाजूला, चाडं हातात. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं काही मी तुझ्या घराला करवत लावायला सांगितली.

"ठोकळ्याले हात लावू नको," तू म्हणालास. "काठ काढून टाक. हे फोडून बाहेर काढतो, दुसरं सरळ काठाचं करतो."

"काठ माह्या मायनं मागतला."

"तुह्या मायचा काठ, त माह्या बापाचा ठोकळा."

त्यानंतर आपण दोघं जे बोललो ते मी इथं लिहीत नाही. तुला ठाऊक आहे. तुझ्या घरच्यांनी ते वाचायची गरज नाही. एवढंच सांगतो की हनीफ, दोघांचं म्हणणं खरं होतं, आणि खरं म्हणणाऱ्या दोघांचं भांडण मिटवायला तिसऱ्याला फार कठीण जातं. तिसरं कोणी मध्ये पडलंही नाही. तू ठोकळा चाड्यासकट गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलास. मायनं त्या वर्षी ठिगळाच्या चाड्यानंच पेरलं.

मग मला पाटबंधारे खात्यात आरेखकाची नोकरी लागली आणि मी गेलो. आपलं बोलणं बंद झालं नाही, ते बंद झालं असतं तर बरं झालं असतं. रागानं बंद झालेलं बोलणं रागानंच कधीतरी उघडतं. आपण ईदेला शिरखुर्मा खाल्ला, बुद्धपौर्णिमेला तू माझ्याकडे खीर खाल्लीस, एकमेकांच्या पोरांच्या लग्नात जेवणावळी सांभाळल्या. फक्त त्या चाड्याचा विषय कोणी काढला नाही. मी तुझ्या ओसरीवर बसायचो आणि माझी नजर माळ्याच्या शिडीकडे जायची. तू चहा पुढे करायचास. मला वाटायचं, अजून वर आहे, अजून अडकलेलं आहे, विषय काढून कशाला त्याला दुखवा. तुझा मान राखला असं मी समजत होतो. कसला मान अन् कसलं काय.

एक दिवस मला नेहमी आठवायचा, पण त्याचा अर्थ कधी लागला नव्हता. माय गेली ती मृगाच्या तोंडावर, पेरणीला आठवडाही राहिला नसेल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू कारंज्याहून सायकलनं आलास. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. सायकलच्या मागे गोणपाटाचं काहीतरी जड बांधलेलं होतं. सायकल तू लिंबाला टेकवलीस, विहाराच्या मांडवात शेवटच्या रांगेत बसलास, वंदना संपेपर्यंत मान खाली. जेवायला बोलावलं तर दोन घास खाल्लेस. मी म्हणालो, मागे काय आणलं? तू म्हणालास, "काही नाई. अवजार हाय, आसेगावले देयाचं होतं." आसेगावचा रस्ता इंझोरीवरून जात नाही हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. माझं लक्ष कुठं होतं? तू परत निघालास तेव्हा गाठोडं तसंच मागे होतं.

आता माझ्या पिशवीचं सांगतो.

माझी लेक करुणा नागपूरला फायबरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. साचे काढते, पण लाकडात नाही, कॉम्प्युटरवर. मी निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला गेलो आणि एका रविवारी तिच्या खुर्चीमागे उभा राहून पाहत होतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा ना काहीतरी, करून दाखवते." माझ्या तोंडून चाडं निघून गेलं. तिला चाडं काय असतं हे ठाऊक नव्हतं, ते आधी समजावून सांगावं लागलं. मग तिनं मला विचारलं, "मूळ माप कोणतं धरू?"

हनीफ, मी उभा होतो तो खुर्ची ओढून बसलो. तोंडाची रुंदी धर, म्हणालो. खोली तिच्या इतकी. जाडी इतकी. तिनं सगळं तसंच टाकलं. मायचं माप सांगितलं, आणि पडद्यावर मायचं चाडं उभं राहिलं. मग तिनं तोच एक आकडा बदलून धनजचं माप टाकलं आणि सबंध चाडं डोळ्यांदेखत पसरलं, छिद्रं सरकली, काठ सरकला, कुठं काही तुटलं नाही. तो माझा बिनमापाचा नकाशा होता. तू ज्याच्यावर हसला होतास तो. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हनीफ्याला दाखवतो आता.

दुसरा विचार यायच्या आत तिनं आणखी काहीतरी दाबलं. चाड्याच्या भिंती हिरव्या झाल्या आणि काठ लालभडक.

"इथं सुटणार नाही बाबा," ती म्हणाली. "काठ आत वळलाय ना. हे साच्यात अडकणार."

इतक्या सहज म्हणाली. चहाचा कप हातात होता तिच्या. आणि तो चहा संपायच्या आत तिनं साचा मधून दोन भागांत कापला, बोल्टची भोकं पाडली आणि दोन्ही भाग बाजूला सरकवून चाडं काढून दाखवलं. मला तिचा राग आला. माझा बाप का चिडला असेल, असा चेहरा करून पोरगी बघत राहिली. मग मी तिला सगळी गोष्ट सांगितली, तुझी, माझी, मायची. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण मग तुम्ही एवढ्यावरून भांडलात का? कापायचा आणि पाहायचं. नाही जमलं तर परत जोडायचा."

"आमच्याकडे ठोकळा एकच होता," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात तिनं कारखान्यात सुटीच्या दिवशी तो साचा खरोखरचा करून घेतला, आणि मायच्या मापाचं एक चाडं त्यातून काढून माझ्या हातात दिलं. पांढरं, हलकं, काठ बोटभर आत. मी त्याच दिवशी कारंज्याची गाडी धरायला पाहिजे होती.

धरली नाही. का, तेही ऐक. आकडा बदलणं इतकं सोपं झालं होतं की मला थांबवेना. म्हटलं, आधी धनजचं करून पाहू. मग आसेगावचं. मग काठ जरा जाड करू, हनीफ नाव ठेवायला जागा शोधतोच. करुणा दमून जायची, मी मात्र पडद्यासमोरून हलायचो नाही. लाकडात एकदा चुकलं की चुकलं, म्हणून आपण कधी ना कधी थांबायचो. इथं थांबायचं कुठं हे कोणी शिकवलंच नव्हतं. तुला फोनवर म्हणालो, "एक चीज आणून राह्यलो तुह्यासाठी."

"काय हाय?"

"पाह्यल्यावर समजन."

"मंग लवकर आण बावा," तू म्हणालास. तुला दम लागत होता, मला ऐकू येत होतं. "मी काही साग नाई. जास्त मुरवशीन त भुगा होईन."

मी हसलो. हसून फोन ठेवला आणि करुणाला म्हणालो, काठाची गोलाई आणखी एकदा बघू.

तर मी तुझ्या ओसरीवर पिशवी घेऊन बसलो होतो. लोक येत होते, दुआ करून जात होते. दुपारी जरा सामसूम झाली तशी पडद्यामागून भाभीचा आवाज आला. तुझ्यामागं इद्दत पाळत बसलेली, बाहेर येणार नव्हतीच. पण एवढ्या वर्षांत मीही त्या पडद्याच्या आत कधी गेलो नव्हतो, आमचं जे काही बोलणं झालं ते पडद्याच्या अलीकडून आणि पलीकडून.

"उत्तमभाऊ, जाऊ नका. तुमची एक चीज हाय आमच्याकडे."

सलीम आत गेला आणि दोन्ही हातांनी एक गाठोडं घेऊन आला. गोणपाट. सुतळीची तीच तुझी गाठ, जी सोडवताना मी नेहमी दातांचा उपयोग करायचो. मी ओळखलं. मला वाटलं, आता तो ठोकळा बाहेर निघेल, चाडं पोटात घेऊन. सलीमनं गाठ सोडली, गोणपाट उलगडलं, आणि आतून दोन तुकडे निघाले. अब्बांचा ठोकळा, मधून चिरलेला. आणि चाडं वेगळं. पिवळं पडलेलं, पण अख्खं. काठासकट.

मग मी पडद्याकडे पाहून विचारलं, "केव्हा कापला यानं?"

"तुमच्या मायची खबर आली त्या दिवशी," भाभी म्हणाली. "खबर ऐकली अन् उठले. ताट तसंच ठेवलं. ठोकळा माळ्यावरून खाली काढला अन् करवत घेतली. माह्या सासऱ्याची निशाणी होती ते. घरात कोनाले बोट लावू देत नव्हते. मी म्हणलं, आता कायले कापता, त्या त गेल्या. त म्हणे, तिचं हाय, तिले नेऊन देतो."

मी चाडं उचलून उजेडाकडे धरलं, भाभी बोलतच होती.

"इंझोरीले घेऊन गेल्ते. तसंच वापस आणलं. मी म्हणलं, देल्लं नाई का? म्हणे, कोनाले देऊ?"

सायकल लिंबाला टेकवलेली मला दिसली. शेवटच्या रांगेतली तुझी खाली घातलेली मान दिसली. माझ्यापासून दहा पावलांवर मायचं चाडं होतं हनीफ, आणि मी तुला वाढायला भात आणायला गेलो होतो.

"मी म्हणलं, दाणे ठेवतो याच्यात, चांगलं हाय," भाभी म्हणाली. "त हात लावू देल्ला नाई. म्हणे, उत्तम बोलला त दुसरं काढू. तुमी आले का मले वाटे, आज बोलतीन. मंग तुमी दोघं पानीपावसाचं बोलत बसा."

तू माझी वाट पाहत होतास आणि मी तुझी, आणि दोघंही समजत होतो की समोरच्याचा मान राखतो आहे. मला माझाच राग आला आणि तुझाही आला. अजून आहे. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू एक शब्द टाकायचा होतास ना रे. मी लगेच हो म्हणालो असतो. मी टाकला असता तर तूही म्हणाला असतास.

मग मी तुझं काम पाहिलं. तुझं काम समोर असताना ते न पाहता मला राहवत नाही. करवतीनं जितकं लाकूड खाल्लं तितकी पोकळी लहान होणार, हे तुला सुचलं होतं. ती जागा भरून काढायला तू एका भागाच्या कडेला पातळ पत्र्याची पट्टी बसवली होतीस, बारीक खिळ्यांनी, आणि दोन बाजूंना बोल्टची भोकं पाडली होतीस. म्हणजे तो साचा तू पुढच्या चाड्यासाठी तयार करून ठेवला होतास. रडत कापलेलं लाकूड कोणी इतक्या निगुतीनं जोडत नाही. चाड्यावर करवतीचा फक्त एक ओरखडा होता, केसाएवढा, काठावरून खाली एका छिद्रापर्यंत गेलेला.

मी मांडीवरची पिशवी उघडली. तू इंझोरीला आणलेलं गाठोडं तसंच परत नेलंस, आणि मीही पिशवी तशीच परत घेऊन जायच्या विचारात होतो, ते कबूल करतो. चाडं बाहेर काढून तुझ्या चाड्याशेजारी ठेवलं. मग तुझ्या ठोकळ्याचे दोन्ही भाग घेतले, माझं चाडं मध्ये बसवलं आणि मिटले. एका बाजूला जरा घट्ट झालं. बाकी सगळीकडे बरोबर बसलं. हातानं केलेलं आणि मशीननं केलेलं, मूळ माप एकच होतं ना. सलीमनं घरातले दोन बोल्ट आणून दिले. आवळले. परत सैल केले, दोन्ही भाग बाजूला केले आणि चाडं माझ्या हातात आलं.

"निघालं का?" भाभीनं पडद्यामागून विचारलं. मायनं विचारलं असतं तसंच विचारलं.

"निघालं," मी म्हणालो. ते पांढरं चाडं सलीमच्या हाती आत पाठवलं. म्हटलं, भाभी, आता याच्यात दाणे ठेवा. तुझं मी घेऊन आलो.

ते आता माझ्या टेबलावर आहे, दोन्ही तुकड्यांसकट. करुणानं पाहिलं. पत्र्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग मी तिला दाखवलं, तुझी चीर कुठून गेली आहे ते. तू ती बरोबर एका छिद्रातून नेलीस, दोन्ही भाग दिसायला सारखे व्हावेत म्हणून. मी तिला नंतर कॉम्प्युटरवर चीर छिद्रं टाळून न्यायला लावली होती. एका भागात एक छिद्र आलं, दुसऱ्यात दोन, दिसायला वाकडं. पण छिद्रातून चीर गेली की पुढच्या खेपेला तिथं रेझिन झिरपणार, आणि ते तू खरवडत बसणार, आणि मग मलाच शिव्या देणार.

तुले समजून सांगतलं असतं, हनीफ. तू ऐकलं नसतं. म्हणला असता, दोन्ही भाग बराबर पाह्यजे, तुले काय समजते. मी म्हणलो असतो, झिरपन. तू म्हणला असता, नाई झिरपत, लाव पैज. अन् भाभीनं आतून चहा पाठवला असता. चीर चुकली हाय तुही. कोनाले सांगू?